नळीतलं कुंकू

कॉलेजात एनसीसीत असताना बाकीच्या मुलींना गोळीचा आवाज आवडायचा, मला नळीतला पीळ. उजेडाकडे धरून पाहिलं की आत वेणीसारखे वळत गेलेले आटे दिसायचे. या आट्यांत गोळी धरली जाते, गरगरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते, असं आमचे उस्ताद शिकवायचे. आमच्या छोट्या गोळीला सोळा इंचांत एक फेरा पुरतो. लांब गोळीला पीळ आणखी घट्ट लागतो. हे मी घरी इतक्यांदा ऐकवलं की आई म्हणाली, "तुला नांदायचंय का त्या नळीतच राहायचंय?"

खंडेनवमीला शस्त्रांच्या खोलीत पूजा झाली. आमच्या लासलगावकडे त्या दिवशी नांगर, विळे, तराजू सगळं पुजतात. मी शहाणीनं रायफलीच्या तोंडाला तुपात कालवलेलं कुंकू थापलं. मग आठवलं, नळी पुसायची राहिलीय. चिंधी गुंडाळलेली सळई तशीच तोंडातून आत सारली.

दसऱ्यानंतर शिबिरासाठी निवड होती. एकच मुलगी जाणार होती, आणि मलाच जायचं होतं. माझे वडील, आबा, कांद्याचा लिलाव सोडून बघायला आले. धोतर-टोपीत तारेच्या कुंपणाबाहेर उभे होते. त्याच रायफलीतून माझ्या गोळ्या निशाण्याच्या कागदभर विखुरल्या. उस्तादांनी नळीत डोकावून पाहिलं, एक कोरी चिंधी आतून ओढून काढली. ती लालभडक निघाली.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले.

"मीच सांगितलं व्हतं तिला," कुंपणापलीकडून आबा ओरडले. "पोरीला बोलू नका, साहेब."

"आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं, सर!"

माझं कुणी ऐकलंच नाही. उस्तादांनी धोतराकडे एकदा पाहिलं आणि त्यांना पटलं. "काका, ही रायफल आहे, पोळ्याचा बैल नाही." मुली फिदीफिदी हसल्या. आबांनी हात जोडले. "चुकलं साहेब. तिला परत मारू द्या."

नळी साफ झाली, मला पुन्हा संधी मिळाली. लाजेनं कान तापले होते, तरी हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. सगळ्या गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या जातील अशा बसल्या. आबा टाळ्या पिटत होते.

मी रायफल घेऊन निघाले तसे ते तारेशी आले. "लय सांगती ना तू, आत पीळ हाय म्हणून. दाखव की एकदा."

मी उस्तादांकडे पाहिलं.

"यांच्या हातात नको देऊ," ते म्हणाले. "आधीच एवढा घोळ केलाय."

आबा हसून मागे सरले. "ऱ्हाऊ दे, बाई." मी रायफल नेऊन जागेवर ठेवली.