प्रार्थनेला सावधान!

पी.टी.च्या सरांना अख्खी शाळा ‘भोंगा’ म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. पण मैदानापलीकडच्या रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसालाही ज्यांचं ‘सावधान’ ऐकून पाय जुळवावेसे वाटत, त्यांना दुसरं काय म्हणणार? अंगाने आडवे, मिशी भरघोस आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी नुसती शोभेची. ती वाजवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही.

शाळा कॅथलिक. दिवस उघडायचा प्रार्थनेने. डबा खाण्याआधी प्रार्थना. भर दुपारी चॅपेलची घंटा झाली की खडू हातात तसाच धरून प्रार्थना. आणि सुटताना एक घाईघाईची, तिचं ‘आमेन’ निम्म्या मुलांनी दाराबाहेर जाऊनच म्हटलेलं असायचं. सकाळची मोठी प्रार्थना मैदानात, ती मुख्याध्यापिका सिस्टर घ्यायच्या. सर मागे फिरत रांगा सरळ करायचे. देवाचं खातं सिस्टरांकडे, रांगांचं आपल्याकडे, अशी त्यांनी मनाशी वाटणीच करून टाकली होती.

मग क्रीडादिनाच्या दिवशी रस्सीखेचीत सिस्टरांनी छोट्या मुलींच्या बाजूने असा काही आरडाओरडा केला, की मुली जिंकल्या आणि सिस्टरांचा आवाज बसला. डॉक्टरांनी महिनाभर अवाक्षर काढायचं नाही म्हणून बजावलं. त्यातच माईकनेही मान टाकली. गणिताच्या बाई पुढे झाल्या, पण त्यांची प्रार्थना तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेपोचेतो विरून गेली. सिस्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ भोंग्याकडे बोट केलं.

“मी?” सर दचकले. “अहो सिस्टर, मी कवायत घेणारा माणूस!”

सिस्टरांनी दोन्ही हात जोडले. बोलणाऱ्या माणसाशी हुज्जत घालता येते. मुक्या सिस्टरांपुढे काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सर समोर उभे राहिले. तोंड उघडलं आणि सवयीने काम केलं.

“प्रार्थनेलाऽऽ सावधान! डोळेऽऽ मिट!”

सगळ्या शाळेने खाडकन डोळे मिटले.

“उजवा हात वर! कपाळ! छाती! डावा खांदा! उजवा खांदा! हात जोड!”

बालवाडीतली पोरं एरवी क्रूसाची खूण करताना माशा हाकलल्यासारखे हात फिरवायची. त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्येकाचा हात जिथे जायला हवा तिथे गेला. पुढची प्रार्थना सरांनी एका दमात संपवली. शेवटचं ‘आमेन’ इतक्या जोरात आलं की छपरावरची कबुतरं उडाली. सिस्टर तोंडावर रुमाल दाबून आत पळाल्या. त्यांना हसायलाही बंदी होती.

घरी बायकोच्या कानावर हे आधीच गेलेलं. ती चर्चच्या गायनवृंदातली, प्रार्थनेच्या बाबतीत काटेकोर.

“अहो, देव काय बहिरा आहे का?” तिने पोळी लाटता लाटता विचारलं. “जरा हळू. जरा प्रेमाने. आपण कुणाशी तरी बोलतोय असं वाटू द्या.”

“मी बोलतो ते असंच बोलतो,” सर म्हणाले.

“ते मला काय सांगता! एवढी वर्षं ऐकतेच आहे.”

तरी त्यांनी मनावर घेतलं. दाढी करताना आरशासमोर हळू आवाजात सराव केला. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

प्रार्थनेच्या शेवटी ‘आज कुणासाठी प्रार्थना करायची’ हे सिस्टर स्वतः सांगायच्या: आजाऱ्यांसाठी, जगाच्या शांतीसाठी. सरांना आयत्या वेळी काही सुचेना. त्यांनी मैदानावरचाच उपाय काढला. “कुणासाठी प्रार्थना करायची? हात वर!”

झालं! हातांचं रान माजलं. एकीला हलणारा दात पडायला हवा होता. एकाचं मांजर तीन घरं फिरून चौथ्याकडे राहायला गेलं होतं, ते परत यायला हवं होतं. चौथीतला एक गडी छाती काढून म्हणाला, “गणिताच्या बाईंना परीक्षेच्या दिवशी ताप यावा!”

गणिताच्या बाई चार पावलांवर उभ्या होत्या.

“नामंजूर!” सर गरजले. “पुढची!”

तर बाईंनीच हात वर केला. “चौथीला भागाकार यावा म्हणून,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

तेव्हापासून मुलं सकाळी वेळेवर येऊ लागली. आणि मग एका शुक्रवारी सहावीतल्या ‘रेडिओ’ने हात वर केला. ही मुलगी वर्गात अखंड बडबडायची आणि त्यापायी निम्मा दिवस वर्गाबाहेर उभी असायची.

“सरांच्या गुडघ्यासाठी,” ती म्हणाली.

“कुठल्या सरांच्या?”

“तुमच्याच. चॅपेलमध्ये सगळे गुडघे टेकतात, तुम्ही खांबाला टेकून उभे राहता. सगळे म्हणतात, सरांना मिजास आहे. पण जिना उतरताना तुम्ही कठडा धरता. मी बाहेर उभी असते ना, मला दिसतं.”

गुडघा वर्षभर ठणकत होता. पण पी.टी.च्या मास्तरचा गुडघा गेला म्हटल्यावर त्याला कोण ठेवणार, या धास्तीने त्यांनी बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. मिजासखोर म्हटलेलं चालेल, लंगडा नको. आता अख्खी शाळा डोळे मिटून त्यांच्या हुकमाची वाट बघत होती, आणि भोंग्यातून आवाज फुटेना.

शेवटी गणिताच्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी आपल्या बारीक आवाजात सुरुवात केली. मुलं मागोमाग म्हणू लागली. सरांनी मान खाली घातली. त्या दिवशी ते ‘आमेन’ म्हणाले, ते शेजारच्या माणसालाही ऐकू आलं नसेल.

संध्याकाळी बायको दारातच उभी. “देवाला सांगून झालं ना? आता डॉक्टरला सांगा. चला.” ती रागावली होती, पण रिक्षात बसताना त्यांचा हात तिने सोडला नाही.

ऑपरेशन झालं. सिस्टर भेटायला आल्या, त्यांचा आवाज घोगरा का होईना, परत आला होता. सरांनी धीर करून नोकरीचं विचारलं.

“नोकरी?” सिस्टर म्हणाल्या. “माईक दुरुस्त झालाय, तरी मुलं माझ्या प्रार्थनेला डोळे मिटत नाहीत. हुकूम कुठाय, म्हणून विचारतात. लवकर बरे व्हा. उड्या मारायला दुसरं कुणीतरी बघू.”

सर परतले ते काठी टेकत. त्यांच्यासाठी मैदानात खुर्ची मांडली होती. बसूनच त्यांनी मुलांना डोळे मिटायला, हात जोडायला लावले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “कुणासाठी?”

पहिलीतल्या एका पिटुकल्याने हात वर केला. “सरांच्या गुडघ्यात लोखंड घातलंय, ते गंजू नये म्हणून.”

“मंजूर!” सर म्हणाले.