श्रीकांतचे विश्रामगृह आणि तोडलेला ताण

३१ मार्च १९८४ रोजी श्रीकांत बोंद्रे याने नागपूरच्या एका मालवाहतूक कंपनीतली हेडक्लार्कची नोकरी सोडली आणि फंडाचे ३१,४६८ रुपये ४० पैसे मोजून घेतले. चौदा वर्षे मालाच्या बिलट्या, म्हणजे पावत्या, लिहिणाऱ्याला शहराचा वीट यावा, हे त्याचा थोरला भाऊ गुणवंता समजू शकत होता. पण वीट आला म्हणून कोणी लॉज काढते?

श्रीकांतने काढला. मोहगावजवळच्या घरच्या संत्र्याच्या बगीच्यात त्याने कवेलूच्या छपराच्या तीन खोल्या बांधल्या आणि 'वनश्री विश्रामगृह' अशी पाटी लावली. खाली न्याहारीची वेळ, सूर्योदयाची वेळ आणि आगाऊ पैसे भरण्याचा नियम. कचेरीत पंख्याखालून न हललेला हा माणूस आता वारा विकायला बसला होता.

"भाऊ, शहरातले लोक शांततेचे पैसे देतात," तो म्हणाला.

"मंग बैलंही खोलीतच बांध. ते कुठं बोंबलतात?" गुणवंता म्हणाला.

थट्टा तिथेच थांबली असती, तर बरे झाले असते. त्या वर्षी गुणवंताने बगीच्यात मृगाचा बहर धरला होता. त्यासाठी उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात, गळतात. मग पावसाचे पाणी मिळताच तहानलेले झाड फुलांनी लदते. याला ताण देणे म्हणतात; तो मध्येच तुटला, तर नुसती पालवी फुटते. मोहगावात शाळेची पायरी न चढलेल्यालाही ते ठाऊक असते. फुले पाहून पांढुर्ण्याचा व्यापारी इसार देई, आणि त्या इसारावर गुणवंताची मुलगी मीना छिंदवाड्याच्या कॉलेजात जायची होती. घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच मुलगी.

मे महिन्यात पहिले पाहुणे आले: श्रीकांतचे जुने साहेब खानझोडे, बायको आणि दोन मुलांसह. साहेबांनी बगीच्याला एक फेरी मारली.

"श्रीकांत, हिरवागार बगीचा म्हणाला होतास ना? हा तर वाळून चाललाय."

नोकरी सुटली तरी साहेबांपुढे मान खाली घालायची सवय सुटली नव्हती. गुणवंता आणि त्याची बायको अंबाबाई दोन दिवस सौंसरला लग्नाला गेली होती. श्रीकांतने विहिरीवरची मोटार चालू केली आणि दोन्ही दिवस झाडांना पोटभर पाणी पाजले. पाहुणे तरीही तिसऱ्या दिवशी सकाळी निघून गेले. खोल्या तापतात, असे सांगून गेले.

दुपारी गुणवंता परतला, तर आळ्यांत पाणी साचलेले.

"मोटार कोणं लावली?"

"झाडं मरून राहिली होती, भाऊ. साहेबासमोर इज्जत गेली असती."

"मरून नव्हती राहिली. ताणावर होती! याच बगीच्यात लहानाचा मोठा झाला न बे तू?"

"मला वाटलं, दोन दिवसांनी काय होते..."

"भाऊजी," अंबाबाई म्हणाली, "तुमचा तो साहेब भरते का आता मीनाची फी?"

श्रीकांत आधीच बंद असलेली मोटार बंद करायला गेला.

जुलैत झाडे पाटीवर शोभावीत इतकी हिरवी झाली. पालवी भरपूर, फूल औषधालाही नाही. व्यापारी बांधावरूनच परत फिरला.

गुणवंताने त्या दिवशी आवाज चढवला नाही.

"मीना जाईन," तो म्हणाला. "अन् पैसे तू देशीन."

फंड खोल्यांत गेला होता. श्रीकांत पांढुर्ण्याला त्याच व्यापाऱ्याकडे मुनीम म्हणून लागला आणि पुन्हा बिलट्या लिहू लागला. खोल्यांत गुणवंताने कडबा भरला. कडब्याने उकाड्याची तक्रार केली नाही. मीना छिंदवाड्याला गेली. श्रीकांत दर महिन्याला मनीऑर्डर करतो, कधी पूर्ण, कधी अर्धी.

पहिल्या वर्षाच्या वसतिगृहाचे १४० रुपये त्याच्याकडून अजून यायचे आहेत.