हरतालिकेच्या दिवशीचं रक्त

माझी धाकटी जाऊ अक्षया लंडनमधल्या हॅरोत फार्मसिस्ट. दिवसभर काउंटरवर उभी राहून संध्याकाळी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला धावणारी बाई. तीन वर्षांपूर्वी एक ताप आला आणि गेला, पण ती काही पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. आता केस विंचरताना तिचा हात मध्येच खाली येतो. आठवड्यातून एक दिवस कामावर जाते आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. डॉक्टरांनी क्रॉनिक फटीग सिंड्रोम असं नाव दिलं. नेहमीच्या रक्ततपासण्या मात्र नॉर्मल, म्हणून तिच्या नवऱ्याने, आमच्या शार्दूलभावजींनी, ते नाव कधी मनावर घेतलंच नाही.

एका विद्यापीठाच्या अभ्यासात तिचं नाव लागलं. रक्तातल्या पेशी खारट पाण्यात ठेवायच्या, बारीकसा विजेचा प्रवाह सोडायचा आणि पेशी त्याला किती अडवतात ते बघायचं. आजाऱ्याची रेघ वर चढते, निरोग्याची फारशी हलत नाही, असा त्यांचा अंदाज. तुलनेला घरातलं धडधाकट माणूस आणा म्हणाले. मी गेले.

दिवस हरतालिकेचा. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही आणि दुपारी तीनला सुई टोचली. आपल्या व्रताचा गवगवा करू नये, म्हणून बोलले नाही. शिवाय रक्त द्यायचं ते उपाशीपोटीच, ही माझी पक्की समजूत. फॉर्मवरचा खाण्यापिण्याचा रकाना कोराच सोडला.

निकाल आला. तिची रेघ चढलेली आणि माझीही तशीच. वर ठळक लिहिलं होतं की हे संशोधन आहे, यावरून निदान करू नये. मेडनहेडच्या ऑफिसात दिवसभर आलेख बघणाऱ्या भावजींना नेमकं तेवढंच दिसलं नाही.

“वहिनींची रेघ बघ, अगदी तुझ्यासारखी. त्या पंचवीस माणसांचा स्वयंपाक करून उभ्या असतात,” ते अक्षयाला म्हणाले. “सोमवारपासून फुल टाइम. मॅनेजरला कळवून टाक.”

माझंच रक्त दाखवून तिला खोटं ठरवत होते. माझी कानशिलं तापली. देवापुढे बसले, तर जपाची माळ हातात नुसती आवळली जात होती. उठले, विद्यापीठात फोन लावला आणि त्या दिवशीच्या निर्जळी उपासाचं सांगून टाकलं.

तिथल्या बाई म्हणाल्या, पाण्याशिवाय दिलेलं रक्त तुलनेत धरता येणार नाही, तुमचा नमुना बाद. मग मी विचारलं, अक्षयाच्या रेघेचा अर्थ काय लावायचा? हाच आजार, की नुसतं पडून राहिलेलं शरीर? दुसऱ्या दुखण्यांनी अंथरुणाला खिळलेल्यांची रेघ तुम्ही पाहिलीत का? अजून पुरेशी नाही, त्या म्हणाल्या. उत्तर प्रामाणिक होतं, तरी त्यांचाही राग आला. स्वतःचा तर सगळ्यांत जास्त.

रविवारी भावजींना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणजे ती आजारी असल्याचंही सिद्ध होत नाही, म्हणाले.

“नाही होत,” मी म्हटलं. “पण ती धडधाकट आहे हे तुम्ही माझ्या रेघेवरून सिद्ध केलंत ना, तेही पुसा. तीन वर्षं बायको डोळ्यांसमोर आहे, भावजी. ती वाचता येत नाही, म्हणून आलेख लागतो तुम्हाला?”

अक्षयाने सोफ्यावर पडल्यापडल्या फोन घेतला. मॅनेजरला चार ओळी लिहिताना तिला तीनदा थांबावं लागलं. मी शेजारी बसले होते, एक शब्द सुचवला नाही. माझ्या तोंडून त्या वेळी चांगलं काही निघालं नसतं.

“काय लिहिलंस?” भावजींनी विचारलं.

“फुल टाइम येत नाही म्हणून,” ती म्हणाली, आणि फोन पालथा ठेवून तिने डोळे मिटले.