डोक्यावरचा हात

उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमा आणि बडोदा दर्शन अशा जोडसहलीला मी गेलो, तो बडोद्यासाठी. गळ्यात भगवं उपरणं मात्र माझ्याही होतं. ते सहलीच्या पैशांतच मिळालं होतं.

काठावरच्या एका गावात एक बाई लगबगीने आली आणि वाकून तिने माझे बूट धरले. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "बाबा, लेक बडोद्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आहे. आज ऑपरेशन. माझ्या डोक्यावर हात ठेवा."

मी पाय मागे घेतले. "मावशी, माझ्या हातात काही नसतं. डॉक्टरांवर विश्वास ठेवा."

ती तशीच वाकून राहिली. मागून आमच्या बसमधल्या काकू आल्या. त्यांच्या भजनांची मी सकाळीच यथेच्छ टिंगल केली होती. "होईल हो बरी," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले.

आपण ढोंग करत नाही, याचाही एक थाट असतो. त्याला मिरवणूक लागत नाही, एक माणूस समोर पुरतो. तिने आशीर्वाद मागितला आणि मी तिला माझी मतं दिली.

दुसऱ्या दिवशी बडोद्यात राजवाड्याकडे जाताना तो सरकारी दवाखाना दिसला. काकू उठल्याच. "थांबवा हो गाडी, विचारून येते."

"एवढ्या मोठ्या दवाखान्यात कोणाला शोधणार, काकू?" गाईड म्हणाला. "नाव काय तिचं?"

काकू माझ्याकडे वळल्या. "आधी तुमच्याशीच बोलली ना ती? काय म्हणाली लेकीचं नाव?"

नाव विचारायला श्रद्धा लागत नाही. तरी मी विचारलं नव्हतं.