शेपूट आलं, उठा

शेपटे हे त्यांचं आडनाव नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ते अजून आडनावच वाटतं, आणि उरलेल्यांना खरं आडनाव विचारायची कधी गरज वाटली नाही.

आमचा ग्रुप दर शनिवारी सकाळी तळ्याभोवती पळतो. पळतो असं आपलं म्हणायचं. दोन-चार पोरं खरी पळतात, बाकीच्यांना घरी कुणीतरी पोटावरून बोललेलं असतं. मी दवाखान्यात ड्रेसिंग करते, त्यामुळे शेवटच्या रेषेजवळचं टेबल आणि मलमपट्टीची पेटी माझ्याकडे. टाचेचे फोड, खरचटलेले गुडघे आणि फुकटचा सल्ला मागणारे, हे सगळं माझ्या वाट्याला येतं.

ग्रुपात एक पद्धत आहे आणि खरं म्हणजे ती चांगली आहे. एक माणूस मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतो. कुणी कितीही हळू चालत असो, हा त्याच्याही मागे. त्यामुळे शेवटचा नंबर येण्याची लाज कुणालाच नाही. हा माणूस नारिंगी जाकीट घालतो आणि त्याला शेपूट म्हणतात. पाण्याच्या टेबलावरची, वळणावर उभी असलेली माणसं त्याची वाट बघत असतात. तो दिसला की हाक जाते, "शेपूट आलं, उठा." मग टेबलं मिटतात, रस्त्यावरचे बाण निघतात आणि लोक आपापल्या घरी जातात.

हे काम दर आठवड्याला वेगळ्या माणसाने करायचं असं ठरलं होतं. एका शनिवारी कुणीच तयार होईना, तेव्हा चष्म्याच्या दुकानातले एक गृहस्थ म्हणाले, "मी राहतो मागे." बोट दिलं की मनगट धरणारी आमची माणसं. त्यांनी ते जाकीट पुन्हा परत घेतलंच नाही. वर्षभरात कुणा विनोदी माणसाने शेपटाचं शेपटे केलं, आणि नव्या आलेल्या मुली आदराने शेपटेकाका म्हणायला लागल्या. ते हसायचे. त्यांना रागावलेलं मी कधी पाहिलं नाही आणि माझ्या मते हीच त्यांची मोठी चूक. न रागावणाऱ्या माणसाला लोक पायपुसण्यासारखं वापरतात आणि वर त्याच्या स्वभावाचं कौतुकही करतात.

त्यांचं दुकान मी पाहिलं आहे. पुढे दिवे, आरसे, काचेच्या कपाटात फ्रेमा आणि गोड बोलणारा मालक. मागे पडद्याआड बिनखिडकीची खोली. तिथे शेपटे यंत्रावर काचा घासतात. यंत्रावर पाण्याची बारीक धार चालू असते आणि घासलेल्या काचेचा पांढरा गाळ नखांत जाऊन बसतो, तो साबणाने निघत नाही. चष्मा घालून आरशात बघणाऱ्याला पडद्यामागे कुणी बसलंय याचा पत्ताही नसतो.

घरही मला माहीत आहे, कारण त्यांच्या वडिलांच्या पाठीला झालेल्या जखमांचं ड्रेसिंग करायला मी जाते. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉट, त्यावर वडील, कॉटखाली प्लास्टिकचं घमेलं. भिंतीवर भावंडांच्या लग्नाचे फोटो ओळीने लावलेत. त्यांत शेपट्यांचा नाही. आधी बहिणीचं होऊ दे, मग मधल्याचं, मग धाकट्याचं, असं करता करता सगळे मार्गी लागले आणि लांब गेले, हे मागे उरले. एकदा मी पट्टी बदलत असताना धाकट्याचा फोन आला. वडिलांना कुशीवर धरून ठेवल्यामुळे शेपट्यांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता. धाकटा म्हणत होता, "मला इकडे कसली काळजीच नाही बघ. दादा आहे ना तिथे."

"आहे," शेपटे म्हणाले.

मला त्या धाकट्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण फोनवरून ती सोय नाही.

तर, वर्षातून एकदा आमच्या ग्रुपची मोठी शर्यत असते. एकवीस किलोमीटर, तळ्यापासून पुलापर्यंत आणि फिरून परत. तिथे रीतसर नंबर छातीवर लावायचा, आणि शेवटच्या रेषेवर एक चटई अंथरलेली असते. तिच्यावर पाय पडला की तुमच्या नंबराची वेळ नोंदली जाते. शेपटाला नंबर नसतो. त्याची वेळ घेऊन करायचंय काय? मागे पडलेल्यांसाठी तर तो हळू चाललेला असतो. शेपटे दरवर्षी ह्या शर्यतीतही मागेच होते.

यंदा त्यांनी सांगितलं, "ह्या वेळी मी नंबर घेऊन पळणार आहे."

ग्रुपचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना शेपट्यांनी समक्ष जाऊन सांगितलं. मग ग्रुपवर लिहिलं. खाली अंगठ्यांची रांग लागली. आमच्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे वाचलं नाही याची पोच. बँकेतल्या बाईंना त्यांनी वेगळं सांगितलं, कारण त्या बाईंना सुरुवातीपासून धीर देत देत त्यांनीच तयार केलं होतं. बाईंची ही पहिली मोठी शर्यत. ह्या खेपेला मी सोबत नसेन, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी विचारलं, "एवढं काय मनात आलं?"

ते म्हणाले, "मला किती वेळ लागतो तेच मला माहीत नाही हो. कायम दुसऱ्याच्या पावलाने चाललो. एकदा बघायचंय, माझा एकट्याचा किती होतो ते."

दोन महिने ते दुकान उघडायच्या आधी पळत होते, वडिलांचं आवरून, शेजारणीला कानोसा घ्यायला सांगून. घड्याळ त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, आता त्या दिवशीच कळू दे. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी नंबराचा कागद मला दाखवला. त्यावर त्यांचं खरं नाव छापलेलं होतं, आणि मी ते पहिल्यांदाच वाचलं.

नारिंगी जाकीट जिमवाल्याला मिळालं. हा व्यायामशाळेत शिकवतो. जाकीट दंडात बसेना म्हणून त्याने कमरेला बांधलं. दुसऱ्या टेबलापाशी त्याच्या पोटरीत गोळा आला म्हणे. पाणी देणाऱ्या पोराच्या मोटरसायकलवर बसून तो परत आला, आणि येताना सांगून आला, "मागे शेपटेकाका आहेत ना."

शेपटे मागे नव्हते. ते अध्येमध्ये होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही माणसं त्यांच्या मागे होती. तिसऱ्या टेबलावरून ते पुढे गेले आणि मागून हाक आली, "शेपूट आलं, उठा." त्यांनी ओरडून सांगितलं की अजून माणसं यायचीत, मी आज शेपूट नाही. लोक हसले. काका आज मजेत दिसतात, असं कुणी म्हणालं. टेबल मिटलं. पुढच्या टेबलावर तेच, पुलाच्या वळणावर तेच. बाण काढणाऱ्यानेही त्यांना बघून बाण काढले. छातीवरचा नंबर कुणी वाचला नाही. ओळखीच्या माणसाच्या छातीकडे कोण बघतं?

मी रेषेजवळ एका पोराची टाच मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांचा भोंगा सुरू झाला. "आणि मंडळी, ते बघा, आले आपले लाडके शेपटेकाका! म्हणजे शर्यत संपली. जोरदार टाळ्या!" टाळ्या वाजल्या. दोन उत्साही पोरांनी चटई गुंडाळली, तिसऱ्याने मोठ्या घड्याळाची वायर उपटली. दरवर्षी असंच करतात. शेपूट लांबून दिसलं की आवराआवर.

मी मान वर केली तर शेपटे पळत येत होते. त्यांना असं पळताना मी कधीच पाहिलं नव्हतं. कोपरं अंगाशी घट्ट, तोंड उघडं, शर्ट चिंब, आणि नंबर चारी कोपऱ्यांना टाचण्या लावून सरळ बसवलेला. ते रेषेवरून गेले. थांबले आणि खाली पायांकडे बघत राहिले.

"चटई कुठंय?"

"अहो काका, तुम्हाला कशाला हवीय चटई?" डॉक्टर भोंग्यातच बोलले, आणि लोक हसले.

शेपट्यांनी नंबरावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी वाकून वाचलं. "अरे, खरंच की," ते म्हणाले, आणि भोंगा खाली ठेवला. मला त्या वेळी जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही.

शेपट्यांनी चटईचा विषय तिथेच सोडला. "मागे माणसं आहेत," ते म्हणाले, "बँकेतल्या बाई आल्या का?" तेव्हा कुठे सगळ्यांची तारांबळ उडाली. मागचे काही जण विचारत विचारत, शिव्या देत पोहोचले. बाईंचा पत्ता नव्हता आणि फोन त्यांनी आमच्याच टेबलावर ठेवला होता. शेपट्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या उचलल्या आणि आल्या वाटेने परत पळत सुटले. जिमवाल्याच्या पोटरीत अजून गोळा होता.

मी पेटी घेऊन कुणाच्यातरी गाडीत बसले, आणि तास-दीड तास आम्ही भलत्याच रस्त्यांवर शोधत होतो. पुलापाशी बाण नसल्यामुळे बाई सरळ गेल्या होत्या, ट्रकच्या रस्त्याला. खडीवरून घसरून पडल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या रस्त्याकडेच्या मोरीवर बसल्या होत्या आणि शेपटे त्यांचं मनगट स्वतःच्या रुमालाने बांधत होते. मनगट मोडलं होतं हे मला लांबूनच कळलं.

बाई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या. "तुम्ही पुढे कसे गेलात? मला वाटलं तुम्ही मागे आहात. म्हणून तर मी निवांत चालले होते."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं हो. पण मला वाटलं, तरी असालच."

शेपट्यांनी रुमालाची गाठ मारली. बाईंचा राग मला करता आला नाही, त्यांना कळ लागत होती. पण इतक्या साध्या तोंडाने कुणी कुणाला इतकं लागेल असं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

दोन दिवसांनी दातांच्या दवाखान्यात बैठक झाली. आम्ही पेशंटच्या खुर्च्यांवर बसलो, भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र. डॉक्टर म्हणाले, "कुणावर आरोप करायचा नाही. पण काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. लोक तुमच्या भरवशावर असतात." दोघा-तिघांनी माना हलवल्या. जिमवाला फोनमध्ये बघत होता.

मी विचारलं, "जाकीट कुणाच्या कमरेला होतं?"

"विषय तो नाही," डॉक्टर म्हणाले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. शेवटी सर्वानुमते ठरलं की ह्यापुढे शेपटेकाकांनी कायम मागेच राहायचं, म्हणजे गोंधळ होणार नाही. त्यांना नवीन जाकीटही मंजूर झालं. शेपटे उठले, "बघतो," म्हणाले आणि गेले. तेव्हापासून ते शनिवारी आलेले नाहीत. निकालात त्यांच्या खऱ्या नावापुढे लिहिलंय, शर्यत पूर्ण केली नाही.

मी त्यांच्याकडे ड्रेसिंगला जातेच. परवा गेले तेव्हा त्यांनी वडिलांना कुशीवर धरलं होतं आणि मी जखम धूत होते. ग्रुपच्या नावाने माझं तोंड नेहमीप्रमाणे सुरू होतं. तुमची काय चूक, तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं, वगैरे.

"मला कळलं होतं," ते म्हणाले.

मी हात थांबवला.

"टेबल मिटताना लोखंडी पायांचा खटका वाजतो. पहिला वाजला तेव्हाच कळलं, की आता मागच्यांना पाणी नाही. ओरडलो, ते हसले. मी तिथे उभा राहिलो असतो तर त्यांनी टेबल परत मांडलं असतं. नाही राहिलो. पुढचा खटका ऐकला, तरी पळत राहिलो. वळून बघितलं तर पाय थांबतील हे माहीत होतं, म्हणून बघितलंच नाही."

"बरं केलंत," मी म्हणाले.

"बाईंचा हात मोडला."

"तो त्या जिमवाल्याने मोडला."

ते हसले नाहीत. वडील कण्हले, तशी त्यांनी पकड जरा सैल केली. मी कापूस बदलला, पट्टी लावली. मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथेच होतात ना, रेषेपाशी? अंदाजे किती वेळ झाला असेल हो मला?"

मी त्या पोराची टाच बघत होते. मान वर केली तेव्हा घड्याळ बंद होतं. कुणीच बघितलेलं नाही, मी सगळ्यांना विचारून झालंय.

"चांगला होता," मी म्हणाले. "खूप चांगला."

वडिलांना तसंच कुशीवर धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे किती?"