येळवसच्या दिवशी नॅन्सी

नांदेडचं काम आटोपून लातूरला निघाले तेव्हा एसटीत माणसं कमी आणि टोपल्या जास्त होत्या. बाहेर धुकं होतं. लोहा गेलं, अहमदपूर आलं, आणि मी अर्धवट झोपेतच होते. शेजारच्या बाईंच्या मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं होतं. खड्डा आला की त्या ते पोटाशी धरायच्या.

"आंबील हाय," त्या म्हणाल्या. (ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ.) "आज येळवस न्हाई का!"

मी कळल्यासारखी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. (येळवस म्हणजे वेळ अमावास्या, त्या दिवशी सगळे शेतात पूजेला आणि जेवायला जातात, हे नंतर कळलं.)

मी पुण्याच्या एका कंपनीत आहे. परदेशातलं एक मोठं दुकान चादरी-उशा विकतं आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी आमच्या लातूरच्या मुली फोनवर ऐकायच्या. हे काम लातुरातच ठेवायचं की आणखी स्वस्त देशात हलवायचं, असं तिकडे घाटत होतं. मी जाऊन बघायचं आणि मत कळवायचं. त्या मुलींच्या नोकऱ्या माझ्या मतावर टांगलेल्या, आणि माझं सगळं लक्ष गरम चहा कुठे मिळेल याच्यावर.

तो मिळालाच नाही. लातुरात सगळी शटरं खाली, रस्ते मोकळे, रिक्षा औषधालाही नाही. बॅग ओढत ऑफिस गाठलं तर त्यालाही कुलूप! माझं डोकंच फिरलं. तिथल्या प्रमुखाला, नसरीनला, फोन लावला.

"ऑफिस बंद म्हणजे काय?"

"ऑफिस बंद हाय मॅडम, काम चालू हाय. फिकर करू नका, घ्यायला येते."

ती स्कूटीवरून आली आणि आम्ही औशाच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी माणसाच्या वर गेलेली ज्वारी होती. वाऱ्यानं ती हलकेच सळसळायची. मी मागे बसून नसरीनला फैलावर घेत होते खरी, पण त्या सळसळीत माझाच आवाज मला दुरून आल्यासारखा वाटत होता.

"सुट्टी मागितली होती," ती म्हणाली. "तिकडून उत्तर आलं, यादीत असा सण न्हाई. आता यादी त्यांनीच केलेली, त्यात येळवस कुठून येणार?"

"तुझं शेत आहे इकडे?"

"आमचं कुठलं शेत! अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान हाय. पण आज ज्याला शेत न्हाई त्याला दुसऱ्याचं असतंय. दरसाल आम्ही संगीताच्या शेतात येतो."

संगीता तिच्याच हाताखाली काम करायची. शेतात कडब्याची कोप (खोपटं) उभी केली होती आणि आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. संगीताच्या वडिलांनी, आप्पांनी, नाव-गावही न विचारता माझ्या हातात पत्रावळ दिली. कोवळ्या शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, वर लोटाभर थंड आंबील. "पोट भरलं म्हणायचं न्हाई आज," ते दरडावून म्हणाले. मी म्हटलंच नाही.

आणि चिंचेखाली घोंगड्या टाकून माझ्या कंपनीच्या मुली बसल्या होत्या, कानाला हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. दोघी जेवायच्या, बाकीच्या बोलायच्या, मग पाळी बदलायची. हिरव्यागार उन्हात त्या कुठल्याशा थंड देशातल्या हरवलेल्या उशा शोधत होत्या. हे स्वप्नात चाललंय की काय, असं मला खरंच वाटलं.

फोनवर नसरीनचं नाव नॅन्सी. बोलायचं तिकडच्या घाटणीनं. आपण कुठून बोलतोय हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, हा नियम. एकदा जरी मोडला तरी काम काढून घ्यायला तेवढं निमित्त पुरे.

नसरीन एका म्हाताऱ्या बाईंशी बोलत होती, तपासणीसाठी दुसरा हेडफोन लावून मीही ऐकत होते. उशीचे अभ्रे चुकीच्या रंगाचे आले होते. तेवढ्यात आप्पा आंबील शिंपडत शेताच्या कडेनं निघाले आणि मागून सगळ्यांनी हाळी दिली, "ओलगे ओलगे सालम पलगे!" (शब्द कानडी वळणाचे आहेत, अर्थ तिथे कुणालाच नीट सांगता आला नाही.)

"मागे कसला आवाज येतोय?" बाईंनी विचारलं.

नसरीननं माझ्याकडे पाहिलं. टीव्ही म्हण, म्हणजे झालं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण आंबील अजून जिभेवर होती. मी लोटा पुन्हा तोंडाला लावला.

"मी लातूरमध्ये आहे," ती म्हणाली. "भारतात. शेतात पूजा चाललीय. माझं नाव नसरीन."

बाई म्हणाल्या, "जरा फोन तिकडे धर ना."

नसरीननं हेडफोन काढून ज्वारीकडे धरला. अभ्र्यांचा विषय पुन्हा निघालाच नाही.

मी पुण्याला येऊन कळवलं, काम उत्तम, लातुरातच ठेवा. तिकडे त्या फोनचं रेकॉर्डिंग आधीच ऐकून झालं होतं. उन्हाळ्याच्या आत काम दुसऱ्या देशात गेलं. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. नसरीन अब्बांच्या दुकानात बसायला लागली. फोनवर म्हणाली, "येळवसला या मॅडम. आता सुट्टी मागायची न्हाई कुणाला."

गिऱ्हाईक बनून तपासणीचे फोन करणं अजून माझ्याकडेच आहे. परवा काम गेलं त्या देशात लावला. मुलीनं नाव सांगितलं, नॅन्सी. तिच्या मागे लांबवर ढोल वाजत होते, बायका गात होत्या.

"मागे कसला आवाज येतोय?" मी विचारलं.

"टीव्ही आहे, मॅडम. बंद करते."

"नको," मी म्हटलं. "जरा फोन तिकडे धर ना."