लांडग्याचा सोयरा

दुष्काळानं चारा नेला, उरलेल्या माळावर प्लॉट पडले. त्रिंबकनं मेंढरं विकली आणि तो वाळूजच्या एका कारखान्यात नट आवळायला लागला. वर्षभरात उजवं कोपर ठणकायला लागलं. लंगड्या मेंढराला देतात तसा त्यानं कोपराला तापल्या विळ्याचा डाग दिला. दुखणं राहिलंच, वर फोड आला. डॉक्टर म्हणाले, "टेनिस एल्बो आहे. महिनाभर हाताला आराम द्या."

पट्टा बांधून, व्यायाम करून हात बरा झाला. कामावर गेला, तर त्याच्या जागी दुसराच उभा.

"लाईन कुणासाठी थांबते का?" सुपरवायझर म्हणाला.

"लंगडं मेंढरू आमी खांद्यावर घेऊन चालायचो, सायेब," त्रिंबक म्हणाला. "त्येला मागं टाकणाऱ्याला आमच्यात लांडग्याचा सोयरा म्हणतेत."